ट्रान्समीटर बंद पडलाय? आधी पॉवर सप्लाय आणि पंखा बघा

सामुदायिक रेडिओ केंद्राची तांत्रिक बाजू सांभाळायला नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय. अशा केंद्रांना १०० वॅट ईआरपीची (म्हणजे अँटेनाचा फायदा धरून हवेत जाणाऱ्या पॉवरची) मर्यादा असते, त्यामुळे रॅकमध्ये सहसा ५० वॅटचा एफएम ट्रान्समीटर दिसतो. त्यात एफएम सिग्नल तयार करणारा एक एक्सायटर, एक पीए म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, दोघांना वीज पुरवणारा एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय आणि मागे घरघरणारे एक-दोन पंखे. प्रक्षेपण बंद पडलं की नवखा माणूस थेट अँटेनावर आणि पीएवर संशय घेतो. माझं म्हणणं असं की आधी एसएमपीएस आणि पंखा बघा, आणि बघाल तेव्हा दोन्ही एकत्र बघा.

५० वॅट हवेत सोडायला पीएला ७५ वॅटच्या आसपास डीसी लागतं. एसएमपीएसची स्वतःची गळती आणि एक्सायटरचा खर्च धरला तर बोर्डातून शंभरएक वॅट ओढले जातात. म्हणजे निम्मी वीज त्या पेटीतच उष्णता होऊन राहते. ती बाहेर फेकणारा पंखा मंदावला की एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुकायला लागतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. '१०५ अंश, २००० तास' असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तासांच्या हिशेबाने चालतो, ७५ अंशांवर १६,००० तासांच्या. रोज बारा तास प्रक्षेपण असेल तर हा फरक सात वर्षं आणि साडेतीन वर्षं एवढा पडतो. एसएमपीएस गेला की पंखा तपासायचा आणि पंखा गेला की एसएमपीएस तपासायचा, ते यासाठी. एकच बदलून झाकण लावलं, तर थोड्याच दिवसांत तेच झाकण पुन्हा काढावं लागतं.

हात लावण्याआधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण आपल्याकडच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. अशा ठिकाणी बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज आतच राहतो. ट्रान्समीटर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असेल तर भिंतीतला प्लग काढूनही वीज चालूच असते, कारण बॅटरी आपलं काम करत राहते. म्हणून ट्रान्समीटरच्या मागचीच केबल उपसा आणि ती डोळ्यांसमोर ठेवा.

एसएमपीएसच्या आत २३० व्होल्ट एसीचं सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतं. प्लग काढल्यावरही. चांगल्या सप्लायमध्ये ते आपोआप उतरतं, पण ज्या रेझिस्टरने उतरायचं तोच गेलेला असेल तर नाही उतरत. पाच मिनिटं थांबा, मग मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्ट रेंजवर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. व्होल्टेज शिल्लक असेल तर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून दोन्ही पायांना लावा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर पंचवीस सेकंदांत रिकामा होतो. पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करणारे 'अनुभवी' लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाकडे एकदा बघा, म्हणजे ती पद्धत का नको ते कळेल.

अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. एकट्याने काम करू नका. दुसऱ्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते आधी दाखवून ठेवा. पीएमध्ये पांढऱ्या सिरॅमिकचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो घासू नका, फोडू नका. काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची पूड श्वासातून जाणं फार धोक्याचं आहे.

आणि अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर) जोडलेला नसताना ट्रान्समीटर कधीही चालू करायचा नाही.

झाकण काढण्याआधीची तपासणी

पाचेक मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात.

डिस्प्ले चालू असेल तर त्यावरचे आकडे लिहून घ्या: फॉरवर्ड पॉवर (अँटेनाकडे जाणारी), रिफ्लेक्टेड पॉवर (अँटेनाकडून परत येणारी), पीए व्होल्टेज, पीए करंट, तापमान. रीसेट त्यानंतरच करा. पॉवर कमी झालेली असेल तर इथेच दोन वाटा फुटतात. रिफ्लेक्टेड वाढलेली असेल तर दुखणं केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा अँटेनात आहे आणि हा लेख बाजूला ठेवा. रिफ्लेक्टेड नेहमीएवढीच, पण तापमान चढलेलं असेल तर ट्रान्समीटरने स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर उतरवली आहे, पंख्याकडे जा. तापमान ठीक, पण पीए व्होल्टेज पडलेलं असेल तर सप्लायकडे.

डिस्प्लेच बंद असेल तर सॉकेटवर मोजा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा दहाच्या वर गेला तर अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिला आहे. वायरमनला त्याच दिवशी बोलवा. थ्री-फेज जोडणी असलेल्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं, आणि 'लाईट आली आणि सगळं उडालं' ही तक्रार बऱ्याचदा त्यातूनच येते.

मग नाक आणि कान वापरा. जळक्या वार्निशसारखा वास, आतून येणारा टिक… टिक… टिक असा ठेक्यातला आवाज, पंख्याचा बदललेला सूर. टिकटिकीकडे पुढे येतोच.

फ्युज काय सांगतो

फ्युज नेहमी प्लग काढूनच बाहेर काढा आणि उजेडात धरा. काचेच्या नळीत तार मधोमध बारीकशी तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर फ्युज हळूहळू थकला किंवा लोड थोडा जास्त झाला. नवा फ्युज टाकून बघायला हरकत नाही. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर एका झटक्यात मोठा करंट वाहिलाय, म्हणजे आत शॉर्ट आहे. अशा वेळी दुसरा फ्युज टाकला तर तोही तसाच काळा होईल.

फ्युजच्या टोपीवर अँपिअरच्या आधी 'टी' असेल तर तो सावकाश उडणारा, 'एफ' असेल तर पटकन उडणारा. एसएमपीएस चालू होताना क्षणभर मोठा करंट खेचतो, म्हणून तिथे 'टी' लागतो. त्या क्षणाला आवर घालायला आत एनटीसी थर्मिस्टर असतो. तो थंड असताना अडवतो आणि गरम झाल्यावर वाट मोकळी करतो. लाईट गेली आणि लगेच आली, तर गरम एनटीसी काहीच अडवत नाही आणि धडधाकट सप्लायचाही फ्युज उडू शकतो. भारनियमनाच्या गावात ट्रान्समीटरचं बटण लाईट गेल्या गेल्या बंद करायची आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटांनी चालू करायची सवय लावा. डिले असलेला स्टॅबिलायझर हेच आपोआप करतो.

फ्युजच्या जागी तांब्याची तार बांधायची नाही. कितीही मोठा कार्यक्रम लाइव्ह चालू असला तरी नाही.

आत शॉर्ट असल्याचा संशय असेल तर सिरीज बोर्ड काढा. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो: १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्याशी एकसर जोडलेलं सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. या बोर्डातून सप्लाय चालू करा. बल्ब क्षणभर लागून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. पूर्ण उजेडाने लागून राहिला तर ब्रिज रेक्टिफायर, स्विचिंग मॉसफेट किंवा इनपुटवरचा एमओव्ही यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. एमओव्ही म्हणजे फ्युजजवळची ती चपटी, बहुधा निळी किंवा काळी चकती. जादा व्होल्टेज आलं की ती स्वतः मरते आणि फ्युज उडवते. तडकलेली किंवा काळवंडलेली सहज ओळखू येते.

दोन तुकडे करा

सप्लाय गेला की सप्लायवरचा लोड गेला, हे ठरवायला अंदाज लावत बसू नका. एसएमपीएस आणि पीए यांच्यामधला डीसी कनेक्टर काढा. (कोणती वायर कुठे होती त्याचा आधी फोटो.) आता एकट्या एसएमपीएसला वीज द्या आणि आउटपुट मोजा. ट्रान्समीटरच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते, बहुधा ४८ किंवा २८ व्होल्ट, यायला हवं.

टिकटिक करणारा सप्लाय पीए काढल्यावर शांत झाला आणि पूर्ण व्होल्टेज द्यायला लागला, तर सप्लाय बरा आहे. पलीकडे शॉर्ट आहे म्हणून तो सारखा चालू होऊन स्वतःला बंद करत होता. पीएच्या डीसी टर्मिनलवर मीटरने रेझिस्टन्स बघा. एक-दोन ओहम दाखवत असेल तर पीएचा ट्रान्झिस्टर बसला, आणि ते काम कंपनीकडे पाठवायचं. पीए काढूनही टिकटिक चालूच राहिली तर एसएमपीएसच्याच आउटपुट बाजूला डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे.

लोडशिवाय ४८ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय पास झाला, असं मात्र नाही. थकलेला सप्लाय रिकाम्या हाताने नेहमीच चांगला दिसतो. त्याला लोड द्यायला हवा, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये मिळणारे गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे चार बल्ब पुरतात. चारही एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतात, म्हणजे ८४ वॅट. ५० वॅटच्या ट्रान्समीटरचा पीए जेवढं खातो, जवळपास तेवढंच. सप्लाय २८ व्होल्टचा असेल तर चार बल्बांची ही मालिका पुरेसा करंट ओढत नाही. पुस्तिकेतला करंट बघून बल्बांच्या जोड्या ठरवा. बल्ब अर्धा तास चालू ठेवा, मीटर लावून ठेवा. हात लावू नका, बल्ब चांगलेच तापतात. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरलं, किंवा तापल्यावर सप्लाय बंद पडला, तर तो बदला.

इथे एक छोटी जागा नीट बघून घ्या. लोड चालू असताना एकदा एसएमपीएसच्या टर्मिनलवर मोजा आणि एकदा वायरच्या दुसऱ्या टोकाला. इकडे ४८.०, तिकडे ४६.८ आलं तर १.२ व्होल्ट वाटेत हरवले. पावणेदोन अँपिअरवर ते दोन वॅट होतात, आणि हे दोन वॅट सगळेच्या सगळे त्या एका ढिल्या स्क्रूवर किंवा पिवळट पडलेल्या कनेक्टरच्या पिनवर तापत असतात. प्लास्टिक तपकिरी झालेलं असतं, पिन काढली की काळी. नवा एसएमपीएस मागवण्याआधी ही पिन बघा. पन्नास रुपयांच्या कनेक्टरपायी हजारोंचे सप्लाय भंगारात गेलेले आहेत.

उघडल्यावर कपॅसिटरचे माथे बघा. वर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते. माथा सपाट असला पाहिजे. फुगलेला, चिकट तपकिरी द्रव आलेला किंवा बुडाशी रबर बाहेर ढकललेला असेल तर गेला. कधी माथा सपाट असूनही कपॅसिटर सुकलेला असतो. थंडीच्या सकाळी सप्लाय चालूच होत नाही, दोन-तीनदा बटण दाबल्यावर होतो आणि मग दिवसभर चालतो, हे त्याचं लक्षण. कपॅसिटर बदलताना व्होल्टेज कमी चालत नाही, १०५ अंशांचाच घ्या, 'लो ईएसआर' (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) मागा आणि ऋण बाजूची पट्टी जिथे होती तिथेच बसवा.

प्रक्षेपणात 'हंऽऽ' असा घुंगाट ऐकू येत असेल तर स्टुडिओकडून येणारी ऑडिओ केबल काढा. घुंगाट गेला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे. राहिला तर सप्लायवर संशय घ्या, विशेषतः जुना ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय असेल तर. त्यातला घुंगाट १०० हर्ट्झचा असतो, कारण ५० हर्ट्झचे दोन्ही अर्धे रेक्टिफाय होतात.

नवा तयार एसएमपीएस बसवताना त्याच्या कुशीतली लाल सरकपट्टी बघा. काही मॉड्यूलवर ११५ आणि २३० असा निवडीचा स्विच असतो. तो ११५ वर राहून आपल्या बोर्डात लावला की मोठा आवाज होतो आणि गोष्ट संपते. टर्मिनलशेजारचा छोटा स्क्रू आउटपुट व्होल्टेजचा असतो. पीए जोडण्याआधीच तो मीटर लावून पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा, नंतर त्याला हात नको. 'व्होल्टेज थोडं वाढवलं की रेंज वाढेल' या मोहात पडणारे आहेत. त्यात पीएचं आयुष्य जातं आणि परवान्यातली पॉवरही ओलांडली जाते.

मीटरबद्दल एक सूचना. ट्रान्समीटर चालू असताना स्वस्तातला मल्टिमीटर आरएफमुळे, म्हणजे रेडिओ लहरींमुळे, वेड्यासारखे आकडे दाखवतो. आकडा पटत नसेल तर आरएफ बंद करून पुन्हा मोजा, मगच विश्वास ठेवा.

पंखा

पंखा फिरत नसेल तर त्याच्या कनेक्टरवर डीसी मोजा. व्होल्टेज आहे आणि पंखा गप्प, तर पंखा गेला. व्होल्टेजच नाही, तर घाईने पंख्याला दोष देऊ नका. काही ट्रान्समीटरमध्ये हीटसिंक (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्या) ठरावीक तापमानाला पोचल्यावरच पंखा चालू होतो. पुस्तिका बघा.

वीज बंद असताना पाती बोटाने फिरवा. चांगला पंखा दोन-तीन वेढे घेऊन अलगद थांबतो. चुंबकामुळे हलके अडखळे जाणवतात, ते असायचेच. खरखर लागली, बोट काढताच थांबला किंवा पातं वर-खाली हललं तर बेअरिंग संपलं. पंख्यावरचा स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकायचा जुगाड सगळ्यांना ठाऊक आहे. तो नवा पंखा येईपर्यंतचा उपाय आहे, एवढंच धरा. खोबरेल तर मुळीच नको, कालांतराने ते चिकट होतं.

पंखा फिरतोय, तरी ट्रान्समीटर गरम होतोय, हा प्रकार जास्त फसवतो. पंखा काढून त्याच्या मागच्या हीटसिंकच्या पट्ट्या बघा. बाहेरून जाळी स्वच्छ असते आणि आत पट्ट्यांच्या तोंडाशी धुळीची गोधडी बसलेली असते. माणदेशात ती मातीची असते, कोकणात खाऱ्या हवेने ओली आणि चिकट. ऊसपट्ट्यात पाचट पेटवायच्या दिवसांत काजळी येते. आणि रॅकसमोर रोज लावलेल्या उदबत्तीचा धूर हे सगळं घट्ट बांधतो. देवाची जागा स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, कोणाची श्रद्धा दुखावत नाही. मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, पण ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर पंखा जनरेटरसारखा उलट व्होल्टेज देऊ शकतो आणि बेअरिंग वेगाच्या बाहेर फिरतं. स्पंजचा फिल्टर धुतला असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय लावू नका. सप्लायच्या आत मेलेली पाल किंवा मुंग्यांचं वारूळ सापडलं तर नवल वाटू देऊ नका. रॅकच्या मागची भोकं बारीक जाळीने बुजवा, मात्र हवेची वाट सोडून.

नंतर हवेची दिशा तपासा. टिश्यूपेपरचा तुकडा जाळीजवळ धरा: जिथून हवा आत जाते तिथे तो चिकटतो. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर दोन बाण कोरलेले असतात, एक फिरण्याचा आणि एक हवेचा. उलटा बसवलेला पंखा गरम हवा परत आत ढकलतो. रॅक भिंतीला टेकवलेला असेल तर बाहेर पडलेली हवाच फिरून आत येते. मागे हातभर जागा हवी.

किती हवा लागते याचा हिशेबही सोपा आहे. उष्णतेचे वॅट गुणिले १.७६, भागिले तापमानातली वाढ अंशांत, की घनफूट प्रतिमिनिट मिळतात. ५० वॅट आणि १० अंश वाढ धरली तर नऊएक. साधा ८० मिलिमीटरचा पंखा मोकळ्या हवेत याच्या तिप्पट तरी देतो, पण पट्ट्या तुंबल्या की ती बढाई कागदावरच राहते.

नवा पंखा घेताना

लेबल वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नका. व्होल्टेज तेच हवं: संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा २४ व्होल्टवर लावला तर धूर निघतो. आकाराबरोबर जाडी बघा, सहसा २५ मिलिमीटर. करंट बघा: त्याच आकाराचा ०.१२ अँपिअरचा पंखा ०.४० अँपिअरच्या पंख्याची हवा देऊ शकत नाही, दुकानदार कितीही 'सेम आहे हो' म्हणाला तरी. बॉल बेअरिंगचा घ्या.

वायरी मोजा, कारण खरी गडबड इथेच होते. दोन वायरींचा पंखा म्हणजे फक्त वीज. तिसरी वायर असेल तर ती दोनपैकी एक असते. एक प्रकार वेगाचे ठोके देतो, सहसा दर फेरीला दोन. ३००० फेऱ्यांचा पंखा १०० हर्ट्झ दाखवेल आणि हर्ट्झ मोजणाऱ्या मीटरवर ते तपासता येतं. दुसरा प्रकार फक्त 'फिरतोय' की 'अडकलाय' एवढंच सांगतो. ट्रान्समीटरला पहिला हवा असताना दुसरा लावला, तर पंखा मजेत फिरत असूनही पडद्यावर 'फॅन फेल' येतं आणि आरएफ चालू होत नाही. अलार्मची वायर जमिनीला जोडून गप्प करणारे महाभाग असतात. पंखा खरंच अडकेल त्या दिवशी पीए जाईल. योग्य पंखाच लावा.

बदलल्यावर पुन्हा हवेत जाण्याआधी

डमी लोड लावा. पॉवर १० वॅटवर ठेवून चालू करा, दहा मिनिटांनी २५, मग ५०. प्रत्येक टप्प्यावर पीए व्होल्टेज, करंट आणि तापमान वहीत लिहा. ५० वॅटवर तापमान तासभरात एका आकड्यावर स्थिरावलं पाहिजे. चढतच राहिलं तर झाकण पुन्हा काढा. दुरुस्तीनंतर झाकण न लावता चाचणी करू नका. झाकण नसेल तर हवा पट्ट्यांतून न जाता बाजूने निसटते आणि आकडे फसवे येतात.

हेच आकडे रोज एकदा, शक्यतो दुपारच्या त्याच वेळेला लिहायला लागा. खोलीचं तापमान शेजारी. खोलीपेक्षा हीटसिंक किती वर आहे तो फरक बघायचा. एप्रिलमध्ये दोन्ही वाढतात, फरक तेवढाच राहतो. फरक हळूहळू वाढायला लागला की पट्ट्या तुंबताहेत.

कपाटात दोन पंखे, एक जुळणारा एसएमपीएस, दहा फ्युज, दोन डीसी कनेक्टर आणि हीटसिंक पेस्टची एक ट्यूब एवढं ठेवा. एसएमपीएस नुसता पडून ठेवू नका, सहा महिन्यांतून एकदा बल्बांवर तासभर चालवा. आणि जुना पंखा भंगारात टाकण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.